दातातलं सोपट

"हात वर करा. डोळे मिटा."

आम्ही सात बाया बांधावर ओळीनं उभ्या होतो. समोर मालक, पाठीवर फवारणीचा पंप घेऊन. त्याच पंपानं त्यानं आदल्या आठवड्यात टोमॅटोवर औषध मारलं होतं. तोंडाला दोन मास्क, त्यावर टॉवेल, डोळ्यांवर चष्मा. सगळं गाव त्याला अण्णा म्हणायचं, म्हणून आम्हीपण अण्णाच म्हणायचो. त्यानं दांडा हलवला आणि नळीतून फवारा सुटला. आधी पायांवर. मग पोटावर. मग छातीवर.

"वळा. मागनं बी पायजे."

वळलो.

"डोक्यावरचा पदर काढा. केसात बसतंय ते."

काढला. कुणी ओढला नाही, मीच काढला. हे मला आजसुद्धा टोचतं. नुसतं एकानं सांगितलं आणि सात जणींनी मुकाट्यानं पदर उतरवले. चोळी अंगाला चिकटली, डोळे झोंबायला लागले, नाकात ब्लिचिंग पावडरचा उग्र वास. माझी धाकटी जाऊ हौसा शेजारीच होती. तिला लाज वाटली की हसू यायचं. ती हळूच म्हणाली, "जाऊबाई, आपुन टमाटी झालो गं."

ओट्यावर अण्णाची बायको, आमच्या वहिनी, मोबाईल धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "जरा हिकडं तोंड करा गं."

आम्ही केलं. फोटोला करतात तसं.

मग अण्णानं पंप खाली ठेवला, हाताला सॅनिटायझर चोळलं आणि म्हणाला, "हां, आता उतरा वाफ्यात. टेम्पो येईल."

आम्ही चपला काढल्या आणि वाफ्यातल्या पाण्यात उतरलो. त्या दिवसापासून हे रोजचंच झालं. महिनाभर.

आता ते पाणी कुठलं, ते सांगते. खरी गोष्ट त्याचीच आहे.

मी वरची. आंबेगावच्या पश्चिमेला, धरणाच्या पलीकडं आमची वाडी. भात, नाचणी, थोडी वरई. शिमगा झाला की डोंगरात काही उरत नाही, म्हणून आम्ही खाली देशावर उतरतो. कांदा काढायला, कोथिंबीर-मेथी उपटायला. धरण आमच्या डोंगरात आणि कालवा यांच्या शेतात, याचं पूर्वी मला काहीच वाटायचं नाही. मोठ्या माणसांनी ठरवलंय तर असेल बरोबर, असं वाटायचं.

तो कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा उन्हाळा. माझा नवरा आणि दीर कांद्याच्या ट्रकबरोबर हमालीला वाशीला गेले आणि जिल्हाबंदीत तिकडंच अडकले. मी आणि हौसा अण्णाच्या शेतातल्या पत्र्याच्या खोलीत. कालव्याचं आवर्तन लांबलेलं. विहिरीला तळ दिसत होता. पण अण्णाच्या शेताला लागून एका संस्थेचं मुलांचं वसतिगृह होतं. संस्थेचं नाव सांगत नाही. अण्णा तिच्या कमिटीवर होता. मुलं घरी गेली होती आणि तिथं कोरोना सेंटर केलं होतं. खाटा भरलेल्या, व्हरांड्यात माणसं. त्यांची आंघोळ, संडास, चादरी धुतलेलं पाणी, सगळं मागच्या टाक्यांत जायचं. तिथं त्या पाण्यात हवा सोडायचे, गाळ खाली बसवायचे, शेवटच्या टाकीत औषध टाकायचे. याला प्लांट म्हणतात. त्या शुद्ध झालेल्या पाण्यावर वसतिगृहाची झाडं जगायची. त्या उन्हाळ्यात अण्णानं त्याला पाइप जोडला आणि आपल्या शेतात घेतला. कोथिंबिरीला.

मला किळस आली का? नाही आली. खोटं कशाला बोलू? पाणी दिसायला नितळ होतं. वास यायचा, पण शेणखताला नाही का येत? आणि कोथिंबीर अशी काळीशार आली की बघत राहावं. मीच अण्णाला म्हणलं होतं, "पाण्यात ताकद हाय राव." माझ्याच तोंडानं.

कोथिंबीर मुळासकट उपटायची. वाफा ओला पाहिजे, नाहीतर मूळ तुटतं. म्हणून पाय दिवसभर पाण्यात. उपटलेली मूठ पाटात हिसळायची, माती गेली पाहिजे. मग जुडी बांधायची. आमच्याकडं जुडी केळीच्या सोपटानं बांधतात. सोपट म्हणजे केळीच्या खोडाची वाळलेली पट्टी. वाळलेली तशीच वळवली तर कडकन तुटते, म्हणून भिजवावी लागते. कुठं भिजवायची? पाटातच. सकाळी आलं की सोपटाचा गड्डा पाटात टाकायचा, वर दगड ठेवायचा. मऊ झालं की एक पट्टी घ्यायची, एक टोक दातात धरायचं, दोन्ही हातांनी जुडी आवळायची, दुसरं टोक फिरवून गाठ मारायची. दात नाहीत तर जुडी ढिली होते आणि ढिली जुडी बाजारात कुणी हातात घेत नाही. माझ्या सासूनं मला तसंच शिकवलं. मी हौसेला शिकवलं. हौसेचा हात माझ्याहून चलाख. ती दोन पट्ट्या एकदम तोंडात धरायची, एक वापरायला, एक तयार.

प्यायचं पाणी वहिनी द्यायच्या. आम्ही ओंजळ धरायची, त्या वरून ओतणार. "लांबनं गं, लांबनं. घरात म्हातारी हाय." अण्णाचा थोरला भाऊ पंधरा दिवसांपूर्वी त्याच सेंटरमध्ये वारला होता. माणसं घाबरली होती, हे मला कळत होतं. मीपण घाबरले होते. पण भीती सगळ्यांना होती आणि पंप फक्त आमच्या अंगावर होता. टेम्पोवाला यायचा, त्याला नाही फवारलं. व्यापारी आला, त्याला चहा दिला.

मग हौसा पडली.

आधी ताप. मग ओकाऱ्या. अन्नाचा वास सहन होईना. अण्णाला कळलं तसा तो शेताच्या टोकावरून ओरडला, "कोरोना हाय तिला! खोलीच्या भाईर येऊ नका कुणी!" खोलीसमोर सुतळी बांधली. भाकरी सुतळीवरून टाकायचे. दोन दिवस मी तिला पाणी पाजत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, उजेड तिच्या तोंडावर पडला आणि मी बघितलं, डोळे पिवळे. हळदीसारखे.

अण्णाला म्हणलं, गाडी द्या. तो म्हणाला, "माझ्या गाडीत? येडी का तू?"

रशीदभाई आले. ते जुन्नरचे, पूर्वी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं काम करायचे, आता वसतिगृहाचा प्लांट चालवायचे. टाकीशेजारच्या खोलीतच राहायचे. त्यांनी काही विचारलं नाही. मोटारसायकल काढली, हौसेला मधे बसवलं, मी मागून तिला धरलं. तिची मान माझ्या खांद्यावर पडत होती. मला सारखं वाटत होतं, वाशीला दिराला काय सांगू? तुझी बायको माझ्या हवाली केली होतीस, आणि मी तिचं हे केलं?

सरकारी दवाखान्यात आधी नाकात काडी घातली. कोरोना नाही. मग रक्त बघितलं. कावीळ.

डॉक्टरीणबाई लहान वयाची होती, तिचेच डोळे जागून सुजलेले. तिनं विचारलं, "ही कावीळ पाण्यातून होते. पाणी कुठलं पिता?"

"नळाचं."

"आणखी कुठलं पाणी तोंडात जातं? शेतातलं?"

"न्हाई ओ. ते कोन पितंय."

ती पुढच्या खाटेकडं गेली. मी हौसेच्या तोंडावरचा घाम पुसत होते. ओठांच्या उजव्या कोपऱ्यात तिला चीर होती. बारीक, लाल, सुकलेली. मी बोटानं माझा कोपरा चाचपला. मलाही होती. सातही जणींना होती. सोपटाची चीर. आम्ही त्याला जखमसुद्धा म्हणत नव्हतो.

पित नाही म्हणे! दिवसभर चोखत होतो आम्ही ते पाणी. जुडीगणिक एकदा.

मी बाहेर आले. रशीदभाई चिंचेखाली बसले होते. मी सरळ विचारलं, "रशीदभाई, तुमच्या पाण्यात काय असतं?"

त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि माझ्यासमोर धरला. वहिनींनी काढलेला व्हिडिओ. गावाच्या ग्रुपवर फिरला होता. वर लिहिलं होतं, 'मजुरांचे आरोग्य, आमची जबाबदारी.' खाली लोकांचे अंगठे, हात जोडलेले. आणि मधे मी. हात वर, डोळे मिटलेले, केस उघडे, छातीला ओली चोळी. मी स्वतःला असं कधी बघितलं नव्हतं. कुणीतरी धरून आणल्यासारखी उभी होते.

"ताई, तुमच्या मागं बघा," रशीदभाई म्हणाले. "बांधावर पांढरी गोणी हाय ना? ती माझ्या प्लांटची हाय."

"म्हंजी?"

"ब्लिचिंग पावडर. शेवटच्या टाकीत घालायची. पाण्यातले जंतू मारायला तेच औषध असतं. अण्णा आले, म्हणले मजुरांना फवारायला पायजे, उचलून घेऊन गेले. मी कमिटीवरच्या माणसाला नाय कसा म्हणू? दुसरी गोणी मागितली, तर सगळा माल फरशी पुसायला लागतो म्हणले. थोडं दिवस चालव म्हणले."

"कवापास्नं न्हाई पाण्यात औषध?"

"तुमाला फवारतात तवापास्नं."

मी ऐकत होते, पण ते आत शिरायला वेळ लागला. पाण्यात जायचं औषध आमच्या अंगावर मारलं. आणि औषधाविना पाण्यात आम्हाला उतरवलं. आमच्यापासून अण्णाला वाचवलं. पाण्यापासून आम्हाला कोण वाचवणार, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.

"आणि ऑफिसात कागद हाय," ते खाली बघून म्हणाले. "हे पाणी झाडाला द्या, गवताला द्या. पालेभाजीला नको. लोक कच्ची खातात."

मी त्यांना बोलले. लई बोलले. तुमाला ठावं असून तुमी महिनाभर तोंड शिवून बसला, तुमची बहीण असती तर बसला असता का, सगळं बोलले. दवाखान्यातली माणसं बघायला लागली. शेवटी रशीदभाई म्हणाले, "बरोबर हाय ताई. भ्यालो मी."

त्या माणसाबद्दल माझ्या मनात अजून दोन्ही आहे. त्यांनी हौसेला दवाखान्यात आणलं. आणि त्यांनी महिनाभर सांगितलं नाही. दोन्ही खरं आहे, एकानं दुसरं पुसत नाही.

जाताना त्यांनी मला एक बोटभर बाटली दिली, आणि एक काचेची नळी. ग्रामपंचायतीचे लोक नळाचं पाणी तपासतात, ते औषध. नळीत पाणी घ्यायचं, चार थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं म्हणजे जंतू मारायचं औषध आहे. पांढरं राहिलं म्हणजे नाही. दवाखान्याच्या नळावर त्यांनी करून दाखवलं. पिवळं झालं. इतकं सोपं! आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकले मी, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

हौसेला ठेवून घेतलं. माझ्या वाडीची एक बाई पोराला घेऊन तिथंच होती, तिनं लक्ष ठेवते म्हणून सांगितलं. मी शेतावर परत आले, कारण पाच जणी अजून तिथं होत्या आणि सकाळी त्या सोपट भिजत घालणार होत्या.

सकाळी अण्णा पंप घेऊन उभा. ओळ लागलेली. मी ओळीत गेले नाही. पाटाकडं गेले, पाइपाच्या तोंडाशी नळी भरली, चार थेंब टाकले. पाणी तसंच राहिलं. मग दगड उचलला आणि गड्ड्यातली एक भिजलेली पट्टी काढली. पाणी गळत होतं.

"ए, ओळीत ये," अण्णा म्हणाला.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. पट्टी पुढं केली.

"अण्णा, हे एकदा दातात धरा. मग फवारा आमाला."

"काय?"

"दातात धरा. आमी दिसभर धरतो. तुमी एकदा धरा."

तो हसला. बायांकडं बघून हसला. "कोरोना पान्यातनं व्हत न्हाई. सेंटरचे साहेब सांगून गेलेत. तुला लई कळतंय व्हय?"

"नसंल व्हत. मंग धरा की."

"ती बया कोरोनानं न्हाई, काविळीनं पडलीय, ठावं हाय मला."

"कावीळ पान्यातनं व्हती. डाक्टरीण म्हणली. तुमाला ठावं हाय तर मंग धराच."

टेम्पोवाला इंजिन बंद करून खाली उतरला, त्यालाही ऐकायचं होतं. अण्णाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सहा बाया आणि टेम्पोवाला बघतायत म्हणल्यावर त्याला मागं फिरता येईना. "आन हिकडं," म्हणून त्यानं पट्टी माझ्या हातातून हिसकली. टॉवेल खाली ओढला. दोन्ही मास्क हनुवटीवर आणले. पट्टी तोंडाजवळ नेली.

आणि ओट्यावरून वहिनी किंचाळल्या.

"अहो! तोंडात घालू नका ते! टाका, टाका आधी!"

सगळ्यांनी ऐकलं. अण्णाचा हात तिथंच थांबला. वहिनींच्या हातात मोबाईल होता, त्या दिवशीपण काढत होत्या. तो त्यांनी हळूच खाली केला.

मला रडू आलं. रागानं आलं. इतके दिवस मला वाटत होतं, यांना माहीत नसेल. अडाणी आम्ही आहोत तसे तेपण अडाणी असतील. नाही. माहीत होतं. नवऱ्याच्या तोंडाजवळ गेलं तर किंचाळण्याइतकं पक्कं माहीत होतं. आमच्या तोंडात महिनाभर होतं, तेव्हा त्या ओट्यावर बसून चहा पीत होत्या.

अण्णानं पट्टी चिखलात टाकली. "माजलीस तू. डोंगरातनं आलीस, दोन घास मिळायला लागले आन माजलीस. चल नीघ. खोली खाली कर."

"करते."

मी पदर डोक्यावर घेतला. पहिल्या दिवशी मीच काढला होता, आता मीच घेतला. मागं न बघता बांधावर चढले. मला वाटलं, एकटीच जाईन. मागून चपलांचा आवाज आला. आधी एक, मग तिघी, मग शेवटची. आदल्या संध्याकाळी उपटलेली कोथिंबीर वाफ्यात पडून राहिली. टेम्पो मंचरच्या बाजाराला त्या दिवशी अर्धाच गेला.

काही जिंकलं नाही आम्ही. उगाच तसं वाटून घेऊ नका. दोन दिवसांत अण्णानं दुसऱ्या वाडीच्या बाया आणल्या. रशीदभाईंना काढून टाकलं, ते जुन्नरला परत मोटारी भरतात. हौसा वाचली. पण तिची कावीळ त्या पाण्यानंच झाली, असं कुणी लिहून दिलं नाही, आणि मीपण छातीठोक सांगू शकत नाही. मला ठावं आहे ते एवढंच, की विचारलं कुणीच नाही. हौसा आता देशावर येत नाही. वाडीवरच असते, नाचणी लावते. कोथिंबीर घरात आणली की उठून बाहेर जाते.

मी येते. दर उन्हाळ्याला. निरगुडसरकडं, महाळुंग्याकडं, मिळेल तिथं. सोपट वापरत नाही, रबर लावते. पिशवीत भाकरीबरोबर ती बोटभर बाटली असते. बाया मला पाणीवाली म्हणतात, काहीजण हसतात. हसू देत. शुद्ध केलेल्या पाण्याशी माझं वैर नाही. उन्हाळा असाच राहिला तर तेच पाणी लागणार, हे मलाही कळतं. पिवळं झालं म्हणजे पाणी अगदी निर्मळ झालं असंही नाही, रशीदभाईंनी तेही सांगितलंय. पण पांढरं राहिलं तर मला पुढं काहीच ऐकायचं नसतं. आणि पालेभाजीला ते द्यायचं नाही, हे मी प्रत्येक मालकाला तोंडावर सांगते. शहरातला माणूस ती मिसळीवर कच्ची टाकतो. त्यालापण कुणी विचारलेलं नाही.

परवा एका नव्या मालकाकडं गेलो, आठ जणी. विहिरीला पाणी नाही, वरून पाइप आलेला. मी वाकून नळी भरली. मालक चांगला माणूस दिसत होता, आधी चहा दिला होता, कपात दिला होता. तो म्हणाला, "बाई, शुद्ध केल्यालं पानी हाय. माझ्यावर इश्वास न्हाई का?"

"न्हाई."

चार थेंब टाकले. नळी उन्हात धरली. तोपण बघायला लागला, बाकी सात जणीपण बघायला लागल्या. पाणी पांढरं राहिलं.

"आज तेवढं करा," तो म्हणाला. "उद्या औषध टाकतो."

मी नळी झटकली, पिशवीत ठेवली आणि चपला घातल्या.

"उद्या टाका. उद्या बघून उतरू. चला गं."